अम्मनचं गाणं दवाखान्याच्या आड येत नाही

परवा मामेसासऱ्यांनी घरच्या ग्रुपवर टाकलं: "तमिळनाडूत अम्मै (अंगावर पुरळ-फोड उठणारा आजार) आली की मारियम्मन देवीची गाणी म्हणतात, कडुलिंबाचा पाला लावतात, रोग जातो. डॉक्टरकडे नेलं तर देवी कोपते. पूर्वजांना कुठे लस लागली?" कोइंबतूरच्या तमिळ घरात दिलेल्या माझ्या नणंदेनं ते वाचलं आणि सहा वर्षांच्या लेकीला 103 ताप असताना दवाखाना उद्यावर ढकलला. म्हणून हे लिहितेय.

देवी कोपते, हे कुणी सांगितलं? तिरुचिरापल्लीजवळच्या समयपुरमची मारियम्मन दरवर्षी 28 दिवस उपास धरते. भक्तांसाठी देवीनं धरलेला उपास! त्या दिवसांत तिला शिजवलेला नैवेद्य नसतो. लेकरांसाठी उपाशी राहणारी आई त्यातल्याच एकाला औषध मिळालं म्हणून चिडेल? तिची गाणी तरी ऐका. त्यांना तालाट्टु म्हणतात, म्हणजे अंगाई. अंगावरच्या फोडांना 'मुत्तु', मोती म्हणतात आणि आईला ते उतरवून घ्यायला विनवतात. त्यात डॉक्टर कुठून आला?

शिवाय अम्मै हा एकच आजार नाही. पेरियम्मै म्हणजे आपल्या 'देवी', चिन्नम्मै म्हणजे कांजिण्या, तट्टम्मै म्हणजे गोवर. धडधाकट मुलाच्या कांजिण्या बहुतेकदा आठ-दहा दिवसांत आपोआप ओसरतात आणि श्रेय पाल्याला मिळतं. गोवरात न्यूमोनिया होतो, मेंदूला सूज येऊ शकते. मुलीच्या अंगावर नक्की काय उठलंय, हे पुण्यात बसून मामांना कसं कळलं?

पूर्वजांचं म्हणाल तर लस न घेतलेल्या दर दहा रुग्णांतले साधारण तीन देवीच्या रोगानं जायचे. गाणी तेव्हाही होती. भारतातला शेवटचा रुग्ण 1975 चा. 1980 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनं देवी संपल्याचं जाहीर केलं, ते लसीमुळे.

पाल्याचं थोडं मान्य करते. दारावरचा डहाळा बघून बाहेरचे लोक आत येत नाहीत, संसर्ग घरातच राहतो. पाल्यावर निजवलं की खाज सोसवते म्हणतात. घरात फोडणी देत नाहीत, कुणी आवाज चढवत नाही, पोराजवळ सतत कुणीतरी बसून गातं. ही माया मोठी आहे, आणि ती औषधासोबत सहज चालते.

त्या रात्री रिक्षा बोलावली ती नणंदेच्या सासूबाईंनी, रोज तालाट्टु म्हणणाऱ्या. कांजिण्याच निघाल्या, पण फोड चिघळले होते. अँटिबायोटिक सुरू आहेत. मामांनी पोस्ट अजून काढलेली नाही.