‘तुमच्या लेखामुळे बाबांचं खातं गेलं’ : मिरजेच्या ताईंना उत्तर

ताई, नमस्कार.

तुमची प्रतिक्रिया परवा रात्री वाचली. लगेच उत्तर दिलं नाही, कारण पहिल्या झटक्यात माणूस स्वतःचीच बाजू मांडत बसतो. बाकीच्या वाचकांसाठी आधी हकिकत थोडक्यात सांगतो. मेलला दुसरं कुलूप लावा, म्हणजे टू-स्टेप व्हेरिफिकेशन (पासवर्डनंतर आणखी एक कोड मागणारी सोय) चालू करा, असा लेख मी लिहिला होता. तो वाचून ताईंच्या वडिलांनी, ते निवृत्त शिक्षक आहेत, जीमेलला ते चालू केलं. महिन्याभरात मिरज स्टँडवर त्यांचा फोन गेला. जुनं सिम पुतण्याच्या नावावर आणि पुतण्या पुण्यात, म्हणून त्यांनी सरळ नवा नंबर घेतला. आता पासवर्ड बरोबर असूनही खातं उघडत नाही. नातवंडांचे फोटो आणि पेन्शनची कागदपत्रं आत अडकली आहेत. ताई म्हणतात, हे कुलूप लावलं नसतं तर बाबा आज आत असते. साध्या ओटीपीवर भागत होतं. आणि कोड कागदावर लिहून ठेवायला सांगणं म्हणजे किल्ली दाराला अडकवून गावाला जाणं.

पहिली गोष्ट, चूक माझी झाली. त्या लेखात कुलूप कसं लावायचं याचे पाच परिच्छेद आहेत आणि बॅकअप कोडचा, म्हणजे फोन नसेल तेव्हा वापरायच्या राखीव कोडचा, उल्लेख अगदी शेवटच्या ओळीत. वयस्कर माणूस लेख समोर धरून एकेक पायरी करत जातो. कुलूप लागलं की त्याचं काम झालं, शेवटच्या ओळीपर्यंत तो कशाला जाईल? गूगल असे १० कोड देतं. प्रत्येक कोड ८ आकड्यांचा असतो आणि एकदाच चालतो. नवीन संच काढला की जुना रद्द होतो. फोन हातात नसला तरी पासवर्डनंतर यातला एक कोड टाकून आत जाता येतं. बाबांकडे हा कागद असता तर फोन गेला त्याच संध्याकाळी ते तुमच्या फोनवरून आत गेले असते. कुलूप लावण्याच्या पायरीलाच कोड लिहून घ्यायला सांगायला हवं होतं. ते मी केलं नाही आणि त्याचा त्रास तुमच्या घराला झाला. मनापासून माफी मागतो.

पण कुलूप काढून टाका असं मी सांगणार नाही.

तुमच्या प्रतिक्रियेतलं सिमचं वाक्य मी पुन्हा पुन्हा वाचलं. बाबांची वाट अडली आहे ती तिथे. दुसरं कुलूप नसतं तरी अनोळखी फोनवरून लॉगिन होतंय म्हटल्यावर खात्री करून घ्यायला गूगलने त्याच जुन्या नंबरवर कोड पाठवला असता, ही शक्यता होतीच. तुम्ही म्हणता तो साधा ओटीपीही त्याच सिमवर येतो. ज्याच्या हाती फोन लागला त्याने सिम काढून दुसऱ्या फोनमध्ये घातलं, तर तो ओटीपी त्याला दिसणार.

सांगलीच्या विश्रामबागेत माझं झेरॉक्स आणि ऑनलाइन फॉर्मचं दुकान आहे. खातं उघडत नाही म्हणून काउंटरवर येणाऱ्यांत चोरी झालेले मला थोडेच दिसतात. बहुतेकांचा नंबर गेलेला असतो. रिचार्ज संपला, दुसऱ्या कंपनीच्या ऑफरमध्ये नवं सिम घेतलं, जुनं ड्रॉवरमध्ये पडलं. बंद केलेला नंबर ९० दिवसांनंतर कंपनी दुसऱ्या ग्राहकाला देऊ शकते. दूरसंचार नियामक ट्रायने २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयातही हाच नियम सांगितला होता. मग तुमच्या बँकेचा, मेलचा, व्हॉट्सअॅपचा ओटीपी कुठल्यातरी तिसऱ्याच माणसाच्या खिशात वाजतो. त्याने काही वाईट केलं नाही तरी तुम्ही बाहेरच राहता.

आमच्या धंद्यातली एक खोडही इथे सांगितली पाहिजे. स्कॉलरशिपच्या फॉर्मची रांग लागली की दुकानदार पोराचा मेल स्वतःच उघडून देतो. पासवर्ड स्वतःच्या मनाचा, रिकव्हरी नंबर, म्हणजे खातं अडकलं तर परत मिळवायला दिलेला नंबर, दुकानाचा. चार वर्षांनी ते पोरगं नोकरीचा फॉर्म भरायला बसतं तेव्हा ना पासवर्ड माहीत, ना दुकान जागेवर. सुरुवातीची दोन वर्षं मीही असे मेल उघडून दिले आहेत. ज्यांचे दिले त्यांनी कधीही यावं, नंबर बदलून देणं माझं काम आहे.

ओटीपीबद्दल आणखी एक. गेल्या दोन वर्षांत व्हॉट्सअॅपवर लग्नपत्रिका म्हणून एपीके फाइल, म्हणजे फोनमध्ये अॅप बसवणारी फाइल, फिरते. उघडली की अॅप बसतं आणि मेसेज वाचायची परवानगी मागतं. ती दिली की आलेला ओटीपी थेट चोराकडे पोहोचतो, कुणाला फोनवर सांगायचीही गरज राहत नाही. म्हणून जिथे सोय आहे तिथे मेसेजऐवजी ऑथेंटिकेटर अॅप किंवा पासकी (फोनच्या बोटाच्या ठशाने किंवा स्क्रीन लॉकने आत जायची सोय) वापरावी असं माझं मत आहे. ऑथेंटिकेटरचा कोड फोनमध्येच तयार होतो आणि साधारण ३० सेकंदांनी बदलतो. सिमशी त्याचा संबंध नसतो. फक्त तोही फोनबरोबरच जाऊ शकतो, म्हणून पुन्हा कागदावर यावं लागतं.

आता कागदाबद्दल. नुसता बॅकअप कोड चोराच्या हाती लागला तर त्याला दार उघडता येत नाही, त्याआधी पासवर्ड लागतो. म्हणून दोन्ही एका कागदावर लिहायचे नाहीत आणि कोडच्या कागदावर मेलचा पत्ताही घालायचा नाही. कपाटात, बँकेच्या पासबुकांबरोबर ठेवलेला असा कागद परदेशात बसलेल्या चोराला दिसत नाही. तुमच्या मेलवर टपलेला माणूस बहुतेक वेळा तसाच दूरचा असतो.

कागदाला आपल्याकडे भीती पाण्याची. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आम्ही गावभागात राहत होतो. आयर्विन पुलाजवळ कृष्णेची धोक्याची पातळी ४५ फूट आहे, त्या वर्षी पाणी ५७ फुटांवर गेलं. आम्ही नेसत्या कपड्यांनिशी बाहेर पडलो. परत आलो तेव्हा माझ्या पासवर्डच्या डायरीचा लगदा झाला होता आणि जुना कॉम्प्युटर चिखलाने भरला होता. मेल परत मिळाला तो बहिणीमुळे. तिचा पत्ता माझा रिकव्हरी ईमेल होता आणि ती विट्याला, कोरड्यात होती. तेव्हापासून माझा एक कागद घरात असतो आणि दुसरा पाकिटात चिकटवून तिच्याकडे. तुम्ही मिरजेत, बाबांच्याच घरात आहात. दुसरा कागद तुमच्या सासरी किंवा पुण्याच्या पुतण्याकडे ठेवता येईल.

‘कोणालाही सांगू नका म्हणता आणि घरातल्या एकाला सांगा असंही म्हणता’ असंही तुम्ही लिहिलंय. मी स्पष्ट लिहायला हवं होतं. पासवर्ड सांगायचा नाही. पाकीट कुठे आहे तेवढं एकाला माहीत असावं.

आता बाबांचं खातं. फोन जाऊन पाच आठवडे झाले असं तुम्ही लिहिलंय, म्हणजे अजून वेळ आहे. पुतण्याला विनंती करा. स्वतःचं ओळखपत्र घेऊन त्याने पुण्यातच त्या कंपनीच्या दुकानात जावं आणि त्याच नंबरचं डुप्लिकेट सिम काढावं. जुनं सिम तिथेच बंद होईल, म्हणजे चोराच्या हातातला धोकाही संपेल. नवं सिम चालू झालं की पहिले २४ तास मेसेज येत नाहीत. ही रोक सिम चोरून बदलणाऱ्यांसाठी मुद्दाम घातलेली आहे, घाबरू नका. दुसऱ्या दिवशी पासवर्ड टाका, कोड त्या नंबरवर मागवा. आत गेल्यावर आधी बॅकअप कोड काढा, मग रिकव्हरी नंबर बदला. पुढे तो नंबर बाबांच्याच नावावर करून घेता आला तर फार बरं. आपल्या नावावर किती सिम आहेत ते सरकारच्या संचार साथी पोर्टलवर दिसतं, तेही एकदा बघा.

सिम मिळायला उशीर होत असेल तर घरात बाबांचा मेल चालू असलेलं दुसरं काही आहे का ते शोधा. नातवाच्या अभ्यासाचा टॅब, जुना लॅपटॉप, काहीही. सापडलं तर त्यातून लॉगआउट मात्र करू नका. खातं परत मिळवण्याचा अर्ज भरायचा तर नेहमीच्या यंत्रावरून, नेहमीच्या जागेवरून, म्हणजे घरच्या वायफायवरून भरा. गूगल हे बघतं. पासवर्ड नक्की आठवत नसेल तर शेवटचा आठवणारा टाका. दिवसातून वीस वेळा प्रयत्न केल्याने काम लवकर होत नाही.

आणि कृपा करून ‘जीमेल कस्टमर केअर’ असं शोधून सापडलेल्या नंबरवर फोन करू नका. पैसे घेऊन खातं उघडून देणाऱ्या कुठल्याही सेवेशी गूगलचा संबंध नाही. असे लोक स्क्रीन शेअर करायला लावतात आणि बँकेपर्यंत पोहोचतात. कुणाला आधीच पैसे गेले असतील तर १९३० या सायबर फसवणुकीच्या सरकारी हेल्पलाइनवर लगेच कळवा.

मूळ लेख आज दुरुस्त केला आहे. आता त्याची पहिली पायरी ‘कागद आणि पेन घ्या’ ही आहे. सिम आलं की बाबांना घेऊन दुकानात या, गुरुवार सोडून कधीही. पासवर्ड त्यांनीच टाइप करावा, मी पाठ करून उभा राहीन. कोडचं प्रिंट आपण तिथेच काढू.