नेव्ही मागितला, आकाशी आला: एका प्रतिक्रियेला उत्तर

काका, एका पांढऱ्या साडीच्या फोटोवरून संगणकावर बाकीचे रंग कसे दाखवायचे, या माझ्या लेखावरची तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. पांढऱ्या साडीचा फोटो दुपारी दुकानाच्या दारात उन्हात काढला, मी सांगितलं तसा ‘लॅब’ या रंगपद्धतीत रंग बदलला, नेव्ही ब्लू मागितला तर आकाशी आला. आणि एका फोटोवरून तीस रंग दाखवणं ही गिऱ्हाईकाची फसवणूकच, असं तुमचं म्हणणं. आकाशीचं पाप माझं.

लॅब ही सीआयई या प्रकाश आणि रंगाच्या आंतरराष्ट्रीय आयोगाची १९७६ सालची रंगमोजणी. एल म्हणजे उजळपणा, शून्य ते शंभर; ए आणि बी मिळून रंग. मी बिनधास्त लिहून गेलो होतो की कापडाचा पोत सगळा एलमध्ये असतो, त्याला हात लावू नका. मोतिया, फिका गुलाबी यांना ते जमलं, म्हणून पुढं तपासलंच नाही. पण पांढऱ्या कापडाचा एल नव्वदीच्या आसपास आणि स्क्रीनवरच्या नेहमीच्या नेव्हीचा जेमतेम १३. एल तसाच ठेवल्यावर नेव्ही येणार कुठून?

जपायचं असतं ते प्रमाण. विणीच्या खाचेत उजेड कापडाच्या सरासरीच्या ०.७ पट असेल, तर नेव्हीचा उजेडही तिथं ०.७ पट करायचा. फोटोशॉपमधला मल्टिप्लाय, म्हणजे फोटो आणि रंग यांचा गुणाकार करणारा पर्याय, साधारण हेच करतो.

एवढ्यावरही भागत नाही. परवा इचलकरंजीच्या एकाच ठाणातले दोन सुती तुकडे, एक कोरा आणि एक नेव्ही रंगवलेला, खिडकीत शेजारी ठेवले. कोऱ्यावरून बनवलेल्या नेव्हीपेक्षा खऱ्या नेव्हीच्या खाचा जास्त काळ्या दिसल्या. पांढऱ्यात उजेड या धाग्यावरून त्या धाग्यावर उड्या मारत खाचेत उतरतो. नेव्ही तो वाटेतच पिऊन टाकतो. म्हणून गडद रंगात सावल्या हातानं थोड्या दाबाव्या लागतात. रेशमाचं उलटं दुखणं. त्याची चमक धाग्याच्या वरच्यावर परतते, ती उजेडाच्याच रंगाची राहते. मल्टिप्लाय तिलाही निळं करतो आणि साडी मेल्यासारखी दिसते. चमक वेगळी काढून वर ठेवायची. आणि धूपछाव? उभा धागा एका रंगाचा, आडवा दुसऱ्या. चुणी हलली की रंग हलतो. ते या पद्धतीत बसत नाही, नादाला लागू नका.

आता तुमची बाजू. उन्हातल्या त्या फोटोत पांढरं २५५ ला, म्हणजे उजेडाच्या शेवटच्या आकड्याला, जाऊन टेकलं असणार. तिथं वीणच उरत नाही, मग रंग चढवणार कशावर? सावलीत, थोडा अंधारा वाटला तरी चालेल, असा फोटो घ्या.

फसवणुकीचं मात्र मला पटत नाही. कोल्हापूरच्या महाद्वार रोडवर ट्यूबलाइटखाली पसंत केलेली साडी बायका दारात उजेडात नेऊन बघतातच की! रंगवायला टाकण्याआधी तीसातले चार निवडायला हे चित्र वापरा. विकताना फोटो खऱ्या साडीचाच लावा, यावर आपलं भांडण नाही.

मूळ लेखातला तो परिच्छेद आज बदललाय. नवा फोटो पाठवा, नेव्ही मीच करून बघतो.