‘मोल्सवर्थ’ आडनावावरच्या प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार, मराठी-इंग्रजी कोश करणाऱ्या मोल्सवर्थ साहेबाच्या आडनावावर मी लेख लिहिला होता, ते इंग्लंडमधल्या एका गावावरून आलंय आणि त्याचा अर्थ ‘मूल नावाच्या माणसाचं कुंपण घातलेलं आवार’ असा आहे, असं त्यात म्हटलं होतं. त्यावरची तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. तीन मुद्दे आहेत तुमचे. एक, ‘वर्थ म्हणजे किंमत हे शाळेतल्या पोरालाही माहीत आहे, तुम्ही कुंपण कुठून आणलंत’. दोन, ‘मोल हा बिळात राहणारा प्राणी, तो सरळ अर्थ सोडून कुठल्यातरी मूल नावाच्या माणसाच्या मागे का लागलात’. आणि तीन, मराठी ब्लॉगवर एका गोऱ्या साहेबाच्या आडनावाचं एवढं कौतुक कशाला, शब्द तर आपल्याच शास्त्र्यांनी गोळा केले. पहिले दोन मला अजिबात पटत नाहीत, तिसऱ्यात तुमचं बरंचसं बरोबर आहे, म्हणून सविस्तर लिहितोय.

आधी वर्थ. जुन्या इंग्रजीत हे दोन वेगळे शब्द होते, एक किंमतवाला आणि दुसरा म्हणजे कुंपण घातलेली जागा, घर आणि त्याच्या भोवतीचं आवार. किंमतवाला शब्द आजही चालतो, कुंपणवाला बोलण्यातून कधीच गेला, पण गावांच्या नावांत चिकटून राहिला. वाँड्सवर्थ, टॅमवर्थ, केनिलवर्थ ही सगळी तीच मंडळी. कवी वर्डस्वर्थचं आडनाव बघा ना, ‘शब्दांची किंमत’ असं किती छान वाटतं ऐकायला, पण ते मुळात यॉर्कशरमधल्या वॉड्सवर्थ गावावरून आलंय, म्हणजे वॅडी नावाच्या कुणाचं तरी आवार! नाव कवीला शोभतं म्हणून त्याची व्युत्पत्ती बदलत नाही.

आणि आपल्याला हे समजायला खरंतर सोपं जायला हवं, कारण आपला ‘वाडा’ आणि ‘वाडी’ही त्याच वाटेने आलेत, संस्कृत ‘वाट’ म्हणजे कुंपण किंवा कुंपणाच्या आतली जागा. मोल्सवर्थला मराठीत आणायचं तर मूलवाडी म्हणा, आणि आडनाव मूलवाडीकर. जुन्या इंग्लिश कागदांत ते तसंच येतं, पहिल्या एडवर्डच्या काळात बेडफर्डशर आणि बकिंगहमशरचा शेरीफ होता वॉल्टर ‘द’ मोल्सवर्थ, त्यातला ‘द’ म्हणजे आपला ‘कर’च की.

आता तो प्राणी. मोल्सवर्थ हे गाव हंटिंगडनशरमधलं, तो भाग 1974 पासून केंब्रिजशरमध्ये गेला. विल्यम राजाने 1086 मध्ये गावोगावची जमीन, नांगर, माणसं मोजून जे डूम्सडे बुक करून घेतलं त्यात हे गाव ‘मोलेसवर्द’ असं आहे. म्हणजे तेव्हा नाव रुळलेलं होतं. आणि त्या प्राण्याला जुन्या इंग्रजीत ‘मोल’ म्हणतच नव्हते, दुसरेच शब्द होते, ‘मोल’ इंग्रजी लिखाणात दिसायला लागतो तो चौदाव्या शतकाच्या सुमारास. जो शब्द दोन-तीनशे वर्षांनी आला त्यावरून आधीच्या गावाला नाव कसं पडेल? ‘मूल’ मात्र तेव्हाचं खरंखुरं माणसाचं नाव आहे, इंग्लंडमधल्या केंटचा एक राजाच होता मूल, शेजारच्या वेसेक्स राज्याच्या कॅडवाला राजाचा भाऊ, त्याला 687 मध्ये केंटच्या लोकांनी जाळून मारलं. हा राजा म्हणजे आपल्या गावचा मूल असं मी म्हणत नाहीये हं, गावचा मूल कुणी साधा शेतकरीही असेल. मूल म्हणजे खेचर, बहुतेक टोपणनावच असणार. मधला ‘स’ म्हणजे आपला ‘चा’. मूलचं आवार, संपलं. टेम्सकाठचं मोलसी, मोल्सफर्ड, ही गावंही अशीच कुणाकुणा मूलची.

आणि ‘मोल म्हणजे पण किंमत आणि वर्थ म्हणजे पण किंमत, हा योगायोग कसा’ असं तुम्ही विचारलंय. योगायोगच आहे. आपलं मोल आलंय मूल्य वरून, त्याचा हंटिंगडनशरशी काही संबंध नाही. कोशकाराच्या नावात दोनदा किंमत यावी हे मलाही फार आवडतं, पण आवडतं म्हणून खरं धरता येत नाही ना.

एक चूक मात्र माझी. ‘सगळे मोल्सवर्थ एकाच घरातले’ असं मी लिहिलं होतं, ते काढून टाकलंय. गावावरून पडलेलं आडनाव गाव सोडून जाणाऱ्या कुणालाही पडू शकतं, नात्याची गरज नसते. कॉर्नवॉलमध्ये पेनकॅरोचे मोल्सवर्थ आहेत, त्यांना 1689 मध्ये बॅरोनेट हा किताब मिळाला, आणि डब्लिनमध्ये जन्मलेला रॉबर्ट मोल्सवर्थ, डेन्मार्कमध्ये इंग्लंडचा राजदूत होता, त्याला 1716 मध्ये व्हायकाउंट हा किताब मिळाला, डब्लिनला त्यांच्या नावाचा रस्ता आजही आहे. आडनाव दुर्मिळ आणि घराणी मोठी, त्यामुळे मी घाईने सगळ्यांची एकच मोळी बांधली.

आता तिसरा मुद्दा, जो मला लागला. बरोबर आहे, 1831 चा कोश आणि मग 1857 ची दुसरी आवृत्ती, दोन्हीला आपण ‘मोल्सवर्थ’ म्हणूनच ओळखतो, आणि त्याआधी 1829 मध्ये जगन्नाथशास्त्री क्रमवंत आणि इतर शास्त्र्यांनी केलेला ‘महाराष्ट्र भाषेचा कोश’ किती जणांना आठवतो? मोल्सवर्थबरोबर कोशावर काम केलेल्या कॅंडी बंधूंचं नावसुद्धा मागे पडलं. हे मी लेखात एका ओळीत उरकलं होतं, ते चुकलंच. पण म्हणून आडनावाकडे बघूच नये हे पटत नाही. मी लहानपणापासून घरात ‘मोल्सवर्थमध्ये बघ’ ऐकत आलोय, 1975 ला पुण्यात पुन्हा छापलेली ती जाडजूड प्रत, अडलेल्या शब्दाला सगळे तिच्याकडेच जायचे. आमच्याकडे ते माणसाचं नाव राहिलंच नव्हतं, वस्तूचं नाव झालं होतं, ताट, वाटी, मोल्सवर्थ. जो शब्द रोज तोंडात आहे तो आला कुठून हे विचारायला तो आपला असायलाच हवा असं थोडंच आहे. आणि ज्याने आपल्या वाडी, वाडगं, कुंपण, वई सगळ्याचे अर्थ लिहून ठेवले त्याच्या स्वतःच्या नावात एक वाडी निघाली, हे कळल्यावर मला दोन दिवस दुसरं काही सुचत नव्हतं, लेख लिहिला तो त्यापायीच.

क्रमवंतशास्त्र्यांवर वेगळा लेख लिहायला घेतलाय. तुमच्याकडे 1829 च्या कोशाची प्रत किंवा काही पानांचे फोटो असतील तर जरूर कळवा, शास्त्र्यांनी ‘वाडी’ला काय अर्थ दिला होता ते मला तिथूनच बघायचंय.