क्लिप चेपली की झालं?

गोव्यातल्या वेर्ण्याहून निघालेला ट्रक चोर्ला घाट चढून बेळगावला पोचतो आणि फोन येतो, "साहेब, खोक्यांना बांधलेल्या पट्ट्या सुटल्यात." परत! खोक्यात काजूगराचे 11.34 किलोचे दोन डबे, पट्टीची काय थट्टा आहे? आमचा पॅकिंगचा पोरगा मात्र पट्टीची टोकं धरणारी क्लिप साध्या पक्कडीने चेपतो, वर टिचकी मारून म्हणतो, "जालें!" क्लिप नीट चेपायचा क्रिम्पर? तो खुंटीला. जड लागतो म्हणे.

त्यात मालकांनी पीपी (पॉलिप्रॉपिलीन) प्लास्टिकऐवजी पीईटी (पॉलिएस्टर) प्लास्टिकची पट्टी आणली. ताण जास्त टिकतो, कबूल. पण क्लिपा जुन्याच, आतून गुळगुळीत! पट्टीही गुळगुळीत, तिला आत दात असलेली क्लिप लागते, नाहीतर टोक बांगड्यासारखं हातातून निसटतं. काल एक क्लिप नुसती बोटांनी ओढली, तर आलीच हातात! पट्टीवर दाबल्याचा वळसुद्धा नाही. टोकं एकमेकांवर नीट चढवलेलीच नव्हती, अर्धी क्लिप रिकामी.

बरं, उष्णतेने जोडणारं मशीन आहे. पण या पावसात ओली, धूळ बसलेली पट्टी धड चिकटत नाही, आधी पुसावी लागते. पुसायचं फडकं कुठंय? पोरग्याच्या स्कूटरच्या सीटवर.

आणि बेळगावच्या हमालीचं बिल माझ्या टेबलावर.