अनसाइन्ड केलं की सुरक्षित झालं?

‘सॉर्टिंग लिहिताना इंडेक्स कायम अनसाइन्ड ठेवा. ऋण होणारच नाही, म्हणजे अ‍ॅरेबाहेर जाणारच नाही. रेंज दुप्पट. चुकलंच तर कंपायलर ओरडेल.’ हा फॉरवर्ड भाच्याने प्लेसमेंटच्या तयारीच्या वहीत उतरवून घेतलाय, म्हणून हे लिहावं लागतंय. (इंडेक्स म्हणजे आकड्यांच्या रांगेतल्या घराचा क्रमांक. अनसाइन्ड म्हणजे फक्त शून्य आणि धन पूर्णांक ठेवणारा प्रकार. साइन्डमध्ये ऋणही मावतात.)

ऋण होणार नाही हे खरं, आणि घोळ तिथेच आहे. सी-मधला इन्सर्शन सॉर्ट घ्या, म्हणजे प्रत्येक आकडा डावीकडे सरकवत योग्य जागी बसवणारी पद्धत. आतला लूप समोरच्या घरातला आकडा मोठा आणि त्या घराचा इंडेक्स ‘जे >= ०’ असेपर्यंत मागे सरकतो. जे अनसाइन्ड असेल तर ही अट कधी खोटी ठरतच नाही. शून्यातून एक वजा केला की ६४ बिटांत १८४४६७४४०७३७०९५५१६१५ मिळतात. एवढ्या इंडेक्सला प्रोग्राम लगेच कोसळायला हवा ना? सहसा कोसळत नाही. पत्त्याचं गणितही त्याच ६४ बिटांत गुंडाळलं जातं आणि हात पडतो अ‍ॅरेच्या बरोब्बर आधीच्या घरावर. नेहमीच्या ६४ बिटांच्या लिनक्सवर मॅलॉकने (मेमरी मागून घेणाऱ्या फंक्शनने) घेतलेल्या इंट अ‍ॅरेच्या आधी त्या ब्लॉकच्या आकाराची आठ बाइटची नोंद असते. इंट चार बाइटचा, म्हणून आधीचं घर म्हणजे तिचा वरचा अर्धा भाग, आणि तो बहुधा शून्य. त्यामुळे सगळे आकडे धन असले की त्या शून्यापाशी लूप थांबतो आणि उत्तर चक्क बरोबर येतं! टेस्ट पास. मग कधीतरी -५ येतो, ते शून्य अ‍ॅरेत शिरतं, मागची नोंद विस्कटते आणि प्रोग्राम मरतो, कधी तिथेच, तर कधी नंतर ती मेमरी परत (फ्री) करताना, भलत्याच ओळीवर.

उपाय छोटा आहे. जे ची सुरुवात आय पासून (हातातल्या आकड्याच्या जागेपासून) करा, अट ‘जे > ०’ ठेवा, तुलना ‘जे - १’ च्या घराशी करा, सरकवताना तेच घर ‘जे’ मध्ये उतरवा आणि शेवटी आकडा ‘जे’ मध्ये ठेवा. रिकाम्या (एन, म्हणजे घरांची संख्या, शून्य असलेल्या) अ‍ॅरेत ‘आय < एन - १’ सुद्धा असंच फसतं. ‘आय + १ < एन’ लिहा. क्विकसॉर्टमध्ये पिव्हट (ज्याच्याशी तुलना करून दोन भाग पाडतात तो आकडा) शून्याव्या घरात, म्हणजे पी = ० वर, बसला की ‘पी - १’ची तीच गत, म्हणून वरचं टोक वगळून रेंज द्या.

कंपायलर ओरडेल? ‘ही अट कायम खरीच’ हा जीसीसी या सी कंपायलरचा इशारा ‘-वॉल’ (-Wall) पर्यायात नाहीच, ‘-डब्ल्यूएक्स्ट्रा’ (-Wextra) लागतो.

एका ठिकाणी अनसाइन्डची मदत होते, हे मान्य करतो, नाइलाजाने. जोशुआ ब्लॉक यांनी २००६ मध्ये दाखवलं की जावाच्या बायनरी सर्चमध्ये (दर वेळी मधलं घर बघून शोधण्यात) ‘(लो + हाय) / २’ची, म्हणजे दोन टोकांच्या इंडेक्सची, बेरीज मर्यादेबाहेर जाऊन (ओव्हरफ्लो) ऋण व्हायची, तीच चूक मर्ज सॉर्टमध्येही होते. सी-साठी त्यांनी बेरीज अनसाइन्डमध्ये करायला सांगितलं. पण ते चालतं कारण लो आणि हाय मुळात साइन्ड रेंजमध्ये असतात. फॉरवर्डमधली ती ‘दुप्पट रेंज’ खरोखर वापरलीत तर बेरीज पुन्हा गुंडाळली जाईल. ‘लो + (हाय - लो) / २’ लिहा, टाइप कुठलाही असो.