‘फुकटच्या हॉटेला’चा हिशोब : एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार.

‘एक करदाता’ या नावाने आपण माझ्या मागच्या लेखावर सविस्तर आणि परखड प्रतिक्रिया लिहिलीत, त्याबद्दल आभार. पूर्व लंडनमधील एका हॉटेलात कौन्सिलने, म्हणजे तिथल्या नगरपालिकेने, ठेवलेली बेघर आई आणि तिची दोन मुले हा त्या लेखाचा विषय होता. आपले म्हणणे थोडक्यात असे, की ही मंडळी करदात्यांच्या पैशावर हॉटेलात फुकट राहतात, देऊ केलेली घरे नाकारतात, बाहेरून येऊन घरे बळकावतात, आणि कौन्सिलच्या तिजोरीत खडखडाट असताना मी तिला ‘निर्दय’ ठरवून मोकळी झाले. व्हिसावर आलेल्या आपल्यासारख्यांना एक पेनीही मिळत नाही, मग यांनाच का, असेही आपण विचारले आहे.

कौन्सिलविषयीचा आक्षेप आधी घेते, कारण तो बराचसा मला मान्य आहे. इंग्लंडमध्ये १९९६ च्या हाउसिंग ॲक्टनुसार एखादे कुटुंब बेघर असावे, मदतीस पात्र असावे आणि घरात लहान मुले किंवा गरोदर बाई असल्याने त्याला प्राधान्य असावे, असे मानायला नुसते कारण दिसले, तरी चौकशी पूर्ण होईपर्यंत त्याला छप्पर देणे कौन्सिलला बंधनकारक असते. खोल्या शिल्लक नाहीत किंवा पैसे संपले, ही सबब तिथे चालत नाही. हे छप्पर कौन्सिल बाजारातून घेते, बहुतेक वेळा रात्रीच्या दराने. केंद्र सरकार मात्र हाउसिंग बेनिफिटपोटी (कमी उत्पन्नाच्या लोकांना भाड्यासाठी मिळणारी सरकारी मदत) कौन्सिलला जी भरपाई देते, ती जानेवारी २०११ मध्ये ठरलेल्या स्थानिक भाडेदराच्या ९० टक्क्यांवर अडकलेली आहे. त्या वर्षीचे भाडे आणि आजचे भाडे यांतली तफावत लंडनमध्ये राहणाऱ्याला मी सांगायला नको. ती तफावत कौन्सिल आपल्या खिशातून भरते. २०२३-२४ या एका वर्षात इंग्लंडमधील कौन्सिलांनी तात्पुरत्या निवाऱ्यावर सुमारे २.३ अब्ज पौंड खर्च केले, आणि लंडनमधील बरोंच्या, म्हणजे शहराच्या वेगवेगळ्या विभागांच्या, कौन्सिलांचा मिळून खर्च दिवसाला ४० लाख पौंडांच्या घरात गेल्याचे त्यांच्याच संघटनेने सांगितले आहे. हे सगळे मला तेव्हाही ठाऊक होते आणि तरी मी ते लिहिले नाही. लेख हलका राहावा म्हणून आकडे गाळले, ही माझी चूक. ज्या हाउसिंग ऑफिसरच्या यादीत शंभर कुटुंबे आहेत आणि हातात चार खोल्या आहेत, त्याला निर्दय म्हणणे योग्य नव्हते.

एक तक्रार मात्र मागे घेत नाही. या बाईला घरमालकाने घर विकायचे म्हणून नोटीस दिली, तेव्हाच ती कौन्सिलकडे गेली होती. २०१७ च्या कायद्यानुसार, जो एप्रिल २०१८ पासून अमलात आला, ५६ दिवसांच्या आत घर जाण्याची शक्यता असेल, तर ते वाचवण्यासाठी किंवा दुसरे मिळवून देण्यासाठी कौन्सिलने त्याच वेळी कामाला लागायचे असते. तिला सांगण्यात आले, की बेलिफ (घर रिकामे करून घेणारे कोर्टाचे लोक) दारात येईपर्यंत घर सोडू नका. सरकारची मार्गदर्शक संहिता नेमके याच्या उलट सांगते. बेलिफ आले त्या दिवशी तिच्या डोक्यावर कोर्टाचा खर्च चढलेला होता, घरमालकाकडून मिळू शकले असते ते चांगले शिफारसपत्र हातचे गेले होते, आणि संध्याकाळपर्यंत कुठलीतरी खोली शोधणे कौन्सिललाही भाग पडले. अशा घाईत मिळणारी खोली महागच असते.

मूळ मुद्दा इथेच आहे, आणि तो आपल्यासारख्या करदात्याला माझ्याहून लवकर पटावा. हा पैसा निवाऱ्यापेक्षा ‘तात्पुरतेपणा’वर जास्त खर्च होतो. उद्या सोडायची म्हणून घेतलेली खोली रात्रीच्या दराने घेतली जाते, मग ती वर्षभर तशीच चालू राहते, आणि वर्षाच्या शेवटी तेवढ्या पैशात एखादा बरा फ्लॅट सहज भाड्याने मिळाला असता असे लक्षात येते. १९८० च्या कायद्याने भाडेकरूंना कौन्सिलची घरे सवलतीत विकत घेण्याचा हक्क दिला. तेव्हापासून इंग्लंडमध्ये अशी सुमारे २० लाख घरे विकली गेली, आणि त्या प्रमाणात नवी बांधली गेली नाहीत. त्यातली काही घरे पुढे खासगी मालकांच्या हाती गेली आणि आज तीच कौन्सिल तीच घरे बेघरांसाठी भाड्याने घेते. (मुंबईच्या संक्रमण शिबिरांत पिढी बदलली तरी ‘तात्पुरता’ हा शिक्का पुसला जात नाही, हे आपल्याला माहीत आहेच. शब्द तिथलाही असाच फसवा आहे.)

आता ‘फुकट’ आणि ‘हॉटेल’ या शब्दांकडे येते. ही जागा फुकट नसते. कौन्सिल तिचे भाडे लावते. उत्पन्न कमी असेल तर ते हाउसिंग बेनिफिटमधून वळते होते, आणि कमावत्या माणसाला त्यातला वाटा स्वतः भरावा लागतो. ही बाई एका केअर होममध्ये रात्रपाळी करत होती. हॉटेलात मुलांजवळ थांबायला कुणी नाही आणि पाहुण्यांना मनाई आहे, म्हणून तिला ती नोकरी सोडावी लागली.

मी शनिवारी एका चर्चच्या हॉलमध्ये सल्ला केंद्रावर कागदपत्रे भरायला मदत करते, तिथे तिची ओळख झाली. पुढे दोनदा तिच्या खोलीवर गेले. खोलीत एक डबल बेड, एक सिंगल बेड, भिंतीवर टीव्ही आणि एक किटली. चार महिन्यांच्या मुलीचा घडीचा पाळणा दार आणि पलंग यांच्या मधल्या जागेत जेमतेम बसतो, आणि तो उघडलेला असेल तर दार उघडत नाही. त्यामुळे मोठ्या मुलाला रात्री कॉरिडॉरमधून काही आणायचे झाले, तर बाळ उचलायचे, पाळणा मिटायचा, मग दार. मजल्यावरच्या सगळ्या कुटुंबांत मिळून एकच मायक्रोवेव्ह, आणि संध्याकाळी सहा वाजता त्यापुढे रांग. दुधाच्या बाटल्या वॉशबेसिनमध्ये धुतल्या जातात. नऊ वर्षांचा मुलगा इस्त्रीची फळी खाली करून तिच्यावर गृहपाठ करतो; त्याची शाळा जुन्या घराजवळ आहे, दोन बस आणि सव्वा तास.

ज्या जागेत स्वयंपाकाची किंवा न्हाणीघराची सोय दुसऱ्या कुटुंबाबरोबर वाटून घ्यावी लागते, तिथे मुले असलेल्या कुटुंबाला दुसरा काहीच पर्याय नसेल तरच, आणि तोही सहा आठवड्यांपेक्षा जास्त नाही, ठेवता येते, असा नियम २००४ पासून लागू आहे. मी गेले तेव्हा यांचा एकोणिसावा आठवडा चालू होता. पाळण्याविषयी मी इतके का लिहिते, असे आपण विचारले होते. इंग्लंडमधील बालमृत्यूंच्या राष्ट्रीय नोंदींत पाच वर्षांत ७४ मुलांच्या मृत्यूमागे तात्पुरत्या निवाऱ्यात राहणे हे एक कारण असल्याचे आढळले, आणि त्यातली ५८ बाळे एक वर्षाच्या आतली होती. बाळाला झोपायला सुरक्षित, वेगळी जागा नसणे हा यातला मोठा धोका, म्हणून २०२४ मध्ये सरकारला मार्गदर्शक संहितेत लहान बाळांच्या पाळण्याचा उल्लेख मुद्दाम घालावा लागला. मार्च २०२५ च्या अखेरीस इंग्लंडमध्ये १ लाख ३१ हजारांहून अधिक कुटुंबे तात्पुरत्या निवाऱ्यात होती आणि त्यांत सुमारे १ लाख ६९ हजार मुले होती.

घरे नाकारण्याविषयी आपण म्हणता ते घडते, पण त्याची किंमत आपल्याला वाटते त्याहून मोठी असते. कौन्सिलने योग्य ठरवलेली जागा कुटुंबाने नाकारली, तर कौन्सिलची जबाबदारी तिथेच संपू शकते. म्हणून केंद्रावर आम्ही प्रत्येकाला एकच सांगतो, की आधी किल्ली घ्या, मग दाद मागा. चौकशी संपून कुटुंबाला घर देण्याची मुख्य जबाबदारी कौन्सिलने मान्य केल्यानंतर दिलेल्या जागेबाबत २१ दिवसांत फेरविचार मागता येतो. चौकशी चालू असताना दिलेल्या सुरुवातीच्या खोलीसाठी तीही सोय नाही. नाकारणारे बहुधा लांबच्या जागेला घाबरलेले असतात. पाच मुलांच्या एका आईने लंडनमधल्या वेस्टमिन्स्टर कौन्सिलने देऊ केलेले लंडनबाहेरचे, मिल्टन कीन्सजवळचे घर नाकारले होते, आणि कौन्सिलने हात झटकले. २०१५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तिच्या बाजूने निकाल दिला. जवळपास जागा का मिळू शकली नाही हे कौन्सिलने दाखवायला हवे होते, असे त्यात स्पष्ट केले.

राहिला व्हिसाचा प्रश्न. आपल्या व्हिसावर ‘नो रिकोर्स टू पब्लिक फंड्स’ (सरकारी आर्थिक मदत मिळणार नाही) हा शेरा आहे, त्यामुळे बेघरांसाठीची ही मदत आपल्याला बंद आहे, हे खरे. पण मग ‘बाहेरून येऊन घरे बळकावतात’ हा आपल्याच प्रतिक्रियेतील आरोप टिकत नाही, कारण बाहेरून नव्याने आलेल्या बहुतेकांवर तोच शेरा असतो. कायमच्या वास्तव्याचा हक्क मिळाला की तो शेरा जातो. त्याआधी घरात लहान मूल असताना अगदी रस्त्यावर यायची वेळ आलीच, तर १९८९ च्या चिल्ड्रन ॲक्टखाली कौन्सिलच्या समाजसेवा विभागाकडे जाता येते. आपल्या मंडळींत हे फारसे कुणाला माहीत नसते, आणि नोकरी गेलेली कुटुंबे मित्रांच्या सोफ्यावर महिने काढतात. ज्या आईविषयी मी लिहिले, ती मात्र इथेच, त्याच बरोमध्ये जन्मलेली आहे. मी तिचे मूळ लिहिले नव्हते, आपण ते गृहीत धरलेत.

मागच्या लेखातून ‘निर्दय’ हा शब्द काढला आहे आणि भरपाईच्या दराविषयी एक परिच्छेद जोडला आहे. खोलीचे वर्णन आपल्याला भडक वाटले, तरी ते तसेच ठेवले आहे. त्यातली फक्त आठवड्यांची संख्या बदलली, ती आता सव्वीस झाली आहे.