चाप जडच राहिला म्हणून एक तारा देणाऱ्या साहेबांना आमचं उत्तर

नमस्कार साहेब,

तुमचा अभिप्राय वाचला. तुमच्या रिव्हॉल्व्हरचा चाप हलका करायचं काम सांगितलेल्या तारखेच्या पुढे गेलं आणि मधल्या दिवसांत तुमचे फोन उचलले गेले नाहीत, याबद्दल मनापासून माफी मागतो. तुम्हाला हेलपाटे पडले, त्याचा राग येणं साहजिक आहे.

पण तुम्ही पुढे जे लिहिलंत ते मला तसंच सोडून देता येत नाही. तुम्ही लिहिलंत, "घरी गेज लावून पाहिलं, चाप जेमतेम एका पौंडाने हलका झालाय. मित्राच्या रिव्हॉल्व्हरचा चाप बोट ठेवलं की सरकतो. विचारलं तर म्हणतात, तुमच्या रिव्हॉल्व्हरची बनावटच वेगळी. म्हणजे काही केलंच नाही, नुसते पैसे घेतले." हे सगळ्यांना दिसतं. आता काम टाकायच्या आधी लोक फोन करून याच वाक्याबद्दल विचारतात. आमची कार्यशाळा लहान आहे, जाहिरात नाही. लोक एकमेकांना सांगतात त्यावरच आमचं चालतं. म्हणून थोडं सविस्तर लिहितो, कृपया शेवटपर्यंत वाचा.

आधी त्या एका पौंडाबद्दल. गेज, म्हणजे चाप ओढायला लागणारं वजन मोजायचा काटा, सांगतं तो फक्त सर्वांत मोठा आकडा. चाप ओढायला सुरुवात केल्यापासून घोडा (काडतुसावर ठोका देणारा मागचा भाग) पडेपर्यंत बोटाला जे काही जाणवतं, त्यातला एकच क्षण तो पकडतो. चाप सुरुवातीला किती जड होता, मध्ये खरखरला का, शेवटी अडखळला का, हे त्याला कळत नाही. आणि तो आकडाही गेजची आकडी चापावर कुठे लावली त्यावर बदलतो. चाप ही एक तरफ आहे. आकडी टोकाला लावली तर वजन कमी दिसतं, वर खिळीच्या जवळ सरकली तर जास्त दिसतं. चापाचा पुढचा भाग वळणदार असल्यामुळे ओढता ओढता आकडी घसरतेही. आम्ही चापाच्या बरोबर मध्यावर आकडी धरून, सावकाश, पुन्हा पुन्हा ओढून जो आकडा येतो तो कार्डावर लिहितो. कामाआधीचा आणि कामानंतरचा, दोन्ही. ते कार्ड तुमच्या डब्यात ठेवलं होतं. त्याचा उल्लेख तुमच्या अभिप्रायात नाही, याचं वाईट वाटलं.

आता बनावटीबद्दल. डबल ॲक्शनमध्ये, म्हणजे घोडा अंगठ्याने न ओढता नुसता चाप ओढून झाडताना, चापाच्या एकाच ओढीत किती कामं होतात ते पाहा. घोडा मुख्य स्प्रिंगच्या विरुद्ध मागे जातो, सिलिंडरचं कुलूप सुटतं, खटका सिलिंडरला पुढच्या घरापर्यंत (काडतूस बसतं त्या भोकापर्यंत) फिरवतो, सिलिंडर पुन्हा अडकतो आणि मग घोडा सुटतो. शिवाय चाप परत पुढे आणणारी स्प्रिंगही तुमचं बोटच दाबत असतं. हे सगळं एका बोटाच्या जोरावर. म्हणून कारखान्यातून येणाऱ्या बहुतेक रिव्हॉल्व्हरांत डबल ॲक्शनचं वजन साधारण १० ते १२ पौंडांच्या आसपास असतं, आणि लहान खिशातल्या रिव्हॉल्व्हरांत त्याहूनही जास्त. अंगठ्याने घोडा मागे ओढून ठेवला, म्हणजे सिंगल ॲक्शनमध्ये, की बोटाला फक्त खाचेतून सुटका करायची उरते. तिथे तीन-चार पौंड पुरतात.

तुमच्या मित्राचं रिव्हॉल्व्हर स्मिथ अँड वेसनच्या के फ्रेमचं, म्हणजे मध्यम आकाराच्या सांगाड्याचं आहे. ते घराणं १८९९ पासूनचं. त्याच्या मुठीत लांब सपाट स्प्रिंग असते, आपण जिला पाटा म्हणतो ती, आणि मुठीच्या पुढच्या अंगाला असलेला स्क्रू तिला ताण देतो. घोडा मोठा, त्याला मागे जायला जागाही भरपूर, म्हणून मध्यम ताणाच्या स्प्रिंगवर काम भागतं. चाप पुढे आणायचं काम वेगळ्या कॉइल स्प्रिंगकडे असतं, ती एका सरकत्या ठोकळ्यात बसवलेली असते. त्यामुळे त्याची ओढ सुरुवातीपासून शेवटपर्यंत जवळजवळ सारखी लागते. तोच कारखाना १९५० पासून जे फ्रेम बनवतो. ती इतकी लहान आहे की आत पाट्याला जागाच नाही, म्हणून घोड्याच्या मागे कॉइल स्प्रिंग. घोडा छोटा आणि हलका, त्याचा फेरा आखूड. पण काडतुसाच्या प्रायमरला (बुडाशी असलेल्या, ठोक्याने पेटणाऱ्या टोपीला) लागणारा ठोका कमी होत नाही ना, मग स्प्रिंग कडकच ठेवावी लागते. एकाच कारखान्याच्या दोन रिव्हॉल्व्हरांचे चाप सारखे नसतात ते यामुळे. तुमचं रिव्हॉल्व्हर याच लहान, पाच घरांच्या, कॉइल स्प्रिंगच्या जातीचं आहे. ते मित्राच्या रिव्हॉल्व्हरशेजारी ठेवून "आमचं असं का नाही" म्हणणं, हे तुमच्यावरही अन्याय करणारं आहे आणि आमच्यावरही.

उदाहरणं आणखी आहेत. कोल्टच्या १९५५ सालच्या पायथनमध्ये व्ही आकाराची स्प्रिंग होती, घोड्याचं आणि चाप परत आणण्याचं काम तीच करायची. त्याचा चाप सुरुवातीला हलका लागतो आणि शेवटाकडे जड होत जातो, रबर ताणत नेल्यासारखा. ज्यांना तो आवडतो ते त्याच्यावर जीव टाकतात, ज्यांना स्मिथची सवय असते त्यांना शेवटचा भाग खटकतो. ते उत्पादन २००५ मध्ये बंद झालं आणि २०२० मध्ये पायथन पुन्हा आलं तेव्हा आतली यंत्रणा वेगळी होती, ओढ बरीच सपाट. जुनं आणि नवं पायथन हातात घेतलं तर गेजवर आकडा जवळपास तोच येऊ शकतो. बोटाला मात्र लगेच कळतं की ही दोन वेगळी यंत्रं आहेत.

रुगर कंपनीचं पाहा. १९७९ च्या रेडहॉकमध्ये एकाच स्प्रिंगवर घोडाही चालतो आणि चापही परत येतो. ती हलकी केली की ठोका कमी होतो आणि चाप परत यायलाही आळस करतो. दोन्ही गोष्टी एकमेकींना बांधलेल्या. जीपी १०० मध्ये बाजूची झाकणपट्टीच नाही, चापाचा सगळा संच खालून एकत्र बाहेर येतो. अतिशय दणकट बांधणी. आणि २००९ चं एलसीआर तर लहानच आहे, घोडा आत झाकलेला, फक्त डबल ॲक्शन. तरी त्याची ओढ बोटाला हलकी वाटते, कारण आतल्या कॅमचा (चापाचा जोर पुढे पोचवणाऱ्या वळणदार भागाचा) आकारच असा आहे की वजन एका जागी साचत नाही. तुम्ही म्हणाल, मग लहान रिव्हॉल्व्हरचाही चाप चांगला करता येतो की! येतो, साहेब. पण तो कॅम आराखड्यातच काढावा लागतो. तो कानसीने घासून तुमच्या रिव्हॉल्व्हरमध्ये कसा आणू? फ्रान्सच्या मान्युरँ एमआर ७३ मध्ये रोलर आहेत आणि वजन जुळवायचे स्क्रूही आहेत. तीही सोय जन्मापासूनची आहे, मागून बसवलेली नाही.

मग आम्ही काय केलं? आत जुनं तेल गोंदासारखं घट्ट झालेलं होतं, ते काढलं. एकमेकांवर घासणारे पृष्ठभाग गुळगुळीत केले, पण कडक केलेला वरचा थर न उतरवता आणि कोन न बदलता. घोडा पडायच्या आधी प्रत्येक घर नळीच्या समोर येऊन अडकतं की नाही, हे सगळी घरं फिरवून तपासलं. चापाची परतीची स्प्रिंग जेवढी हलकी करणं सुरक्षित होतं तेवढीच केली. ज्या खाचेत घोडा अडकतो तिला हात लावला नाही. ती जास्त घासली तर ओढून ठेवलेला घोडा नुसत्या धक्क्याने सुटू शकतो. तुमच्या चापात मध्यावर जी खरखर होती ती आता नाही. गेजवर ती एका पौंडात दिसते, बोटाला त्याहून खूप जास्त जाणवते. हेच आमचं काम आहे.

तुम्हाला सर्वांत हलकी मुख्य स्प्रिंग हवी होती आणि आम्ही ती बसवायला नकार दिला. त्यावर मी ठाम आहे. अशा बऱ्याच यंत्रणांत डबल ॲक्शनमध्ये घोडा जितका मागे जातो, त्याहून सिंगल ॲक्शनमध्ये थोडा जास्त जातो. म्हणजे डबल ॲक्शनमध्ये ठोका आधीच थोडा कमी असतो. हलक्या स्प्रिंगवर अंगठ्याने घोडा ओढून झाडलेली काडतुसं सगळी उडतील आणि तीच काडतुसं डबल ॲक्शनमध्ये नुसती खट् करून थांबतील. त्यात सगळ्या कंपन्यांचे प्रायमर सारखे मऊ नसतात, एकाच्या काडतुसांवर चाललेली स्प्रिंग दुसऱ्याच्या काडतुसांवर दगा देते. हे रिव्हॉल्व्हर स्वसंरक्षणासाठी आहे असं तुम्हीच सांगितलं होतं. नेमक्या वेळी खट् झालं तर त्याला जबाबदार कोण? "दुसरा कोणीही करून देईल" असं तुम्ही सगळ्यांसमोर म्हणालात. देईलही. आमच्या हातून ते होणार नाही.

चाप मध्येच अडकतो, असंही तुम्ही लिहिलंय. काउंटरवर तुम्ही चाप पूर्ण पुढे न सोडता पुन्हा ओढत होता. डबल ॲक्शनमध्ये चाप पुरता परत आला नाही तर खटका पुढची पकड घेतच नाही. मग चाप अडतो, नाहीतर सिलिंडर एक घर सोडून पुढे जातो. मी मित्राच्या रिव्हॉल्व्हरवर तेच करून दाखवलं आणि तिथेही तसंच झालं, हे तुम्हाला आठवत असेल. आणि मी आवाज चढवला तो त्याच वेळी, कारण नळीचं तोंड बाकावर काम करणाऱ्या आमच्या मुलाकडे वळलं होतं. रिव्हॉल्व्हर रिकामं होतं हे मला माहीत होतं. तरीही कुणाच्याही बाबतीत मी तसंच बोललो असतो. शब्द तुम्हाला लागले असतील तर क्षमा करा.

काही गोष्टी आम्ही सुधारतो आहोत. तारीख सांगताना थोडी सैल धरू, फोनसाठीही काहीतरी सोय करतोय, आणि गेजचं कार्ड डब्यात न ठेवता समोर वाचून दाखवू.

माझी एकच विनंती आहे. दोन्ही रिव्हॉल्व्हर रिकामी करून घेऊन या आणि तुमचं गेजही आणा. एकाच जागी आकडी लावून आपण दोघं मिळून मोजू, मग गोळीबाराची परवानगी असलेल्या मैदानावर तुमच्या नेहमीच्या काडतुसांनी सगळी घरं डबल ॲक्शनमध्ये झाडून पाहू. याचे वेगळे पैसे घेणार नाही. उशिराबद्दल दिलेला तारा तसाच राहू द्या, तो बदला असं मी म्हणणार नाही. फक्त "काही केलंच नाही" एवढं वाक्य मात्र चाप पुन्हा एकदा हातात घेऊन पाहिल्यावर काढून टाकावं, एवढंच मागणं आहे.

आपला,
कार्यशाळेचा मालक